भरलेलं विमान

आमच्या गावच्या विमानतळाला विमानतळ म्हणायचं ते आपलं कौतुकाने. एक खोली, खोलीत एक काउंटर, काउंटरमागे मी. बाहेर खांबाला वारा दाखवणारी कापडी पिशवी, पुढे धावपट्टी, आणि धावपट्टी संपते तिथे लगेच डोंगर उभा. तिकीट मी फाडायचं, सामान मी चढवायचं, पट्टीवर लोळत पडलेली कुत्री मी हाकलायची आणि विमान थांबलं की त्याला शिडीही मीच लावायची. गावात मला सगळे विमानवाली म्हणतात. म्हणोत बापडे, कामाला कसली लाज.

विमान भिंगरीसारखं आवाज करत यायचं म्हणून त्याचं नाव भिंगरी पडलं. इतकं लहान की सामानाबरोबर माणसांनाही काट्यावर उभं करावं लागे, आणि कोण पुढे बसणार, कोण मागे, हे वजन बघून मी ठरवायची. गावातल्या निम्म्या बायकांचं वजन त्यांच्या नवऱ्यांना माहीत नाही, ते मला माहीत आहे. ते मी कुणालाही सांगणार नाही, त्यांनी निश्चिंत असावं.

भिंगरीची कंपनी एकट्या कॅप्टनची. सुरुवातीला विमान एक, आणि ते चालवणारा तोच. लग्न नाही, घर नाही, खिशात कायम शेंगदाणे. आमच्याकडे उतरला की माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या घरी जेवायला जायचा. आमच्या गावाला बाहेर पडायला रस्ता एकच, डोंगरातल्या खिंडीतला. हिवाळ्यात बर्फ पडलं की ती खिंड बंद होते ती थेट उन्हाळ्याच्या तोंडावर उघडते. तोवर बाहेरच्या जगाशी आमचा संबंध म्हणजे भिंगरी.

मग अक्काच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. डायलिसिसचं यंत्र शहरातल्या इस्पितळात, आठवड्यातून दोनदा जायलाच हवं, नाही गेलं तर माणूस राहत नाही, असं डॉक्टरने तोंडावर सांगितलं. भावोजींचं शिलाईचं दुकान गावात. शहरात खोली घेऊन महिनाभर राहून बघितलं तिने. भिंतीकडे बघून बघून वेड लागायची पाळी आली, म्हणाली, आणि परत आली. मग भिंगरीवर तिचं जगणं लागलं. सकाळी जायची, संध्याकाळी यायची. जाताना अंगात पाणी साचलेलं असे म्हणून काट्यावर जड भरायची, येताना हलकी.

"जाताना दीड तिकीट घे," मी म्हणायची.

"आणि येताना अर्धं दे," ती म्हणायची. "हिशेब चोख ठेव, नाहीतर कॅप्टनला सांगेन."

संध्याकाळी शहरातून निघायच्या आधी कॅप्टन विचारायचा, "अक्का आल्या का?" कधी इस्पितळात उशीर झाला तर विमान थांबायचं. सगळे प्रवासी आत बसून गप्पा मारायचे. कुणी कुरकुर केली तर कॅप्टन मागे वळून शेंगदाणे पुढे करायचा. पुढे त्याने दुसरं विमान घेतलं, तिसरं घेतलं, नोकरीला पायलट ठेवले, पण हा नियम त्या पायलटांनाही घालून दिला. कुठल्या कागदावर नव्हता तो, पण पाळला जायचा.

आता गंमत अशी की आमच्या गावची विमानं काही भरून जायची नाहीत. निम्मी रिकामी. एकदा कॅप्टन काउंटरवर टेकून उभा राहिला, बराच वेळ शेंगदाण्यांची सालं काढत बसला आणि मग म्हणाला, "ताई, तुमचा थांबा मला जड जातोय. हा हिवाळा बघतो. खुर्च्या भरल्या तर ठीक, नाहीतर माझा नाइलाज आहे."

मी घरी येऊन अक्काला सांगितलं. ती मटार सोलत होती. सोलतच राहिली. "त्याचं तरी काय चुकलं," एवढंच म्हणाली. भावोजी मात्र उठून दुकानात गेले आणि उगाच मशीन चालवत बसले. सुईत दोराही नव्हता.

औषधवाल्याला हे कळलं. आमच्या गावात औषधाचं दुकान एक, आणि तो दुकानदार म्हणजे गावचा न निवडलेला पुढारी. प्रत्येकाचं दुखणं त्याला माहीत, त्यामुळे त्याच्यापुढे कुणाची मान वर होत नाही. त्याने संध्याकाळी दुकानासमोर लोक जमवले आणि म्हणाला, "साधी गोष्ट आहे. खुर्च्या रिकाम्या दिसतात ना? आपण बसू. घरटी एक माणूस, पाळीपाळीने. काम असो नसो, शहरात जायचं आणि यायचं. विमान भरलेलं दिसलं पाहिजे."

अशी खुळी कल्पना आमच्याच गावाला सुचावी आणि आमच्याच गावाने ती उचलून धरावी. पण उचलली खरी. कुणी अक्काचं नाव घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती. तिने विणकाम शिकवलेल्या मुलींनी निम्म्या गावाचे स्वेटर विणलेले आहेत.

तो हिवाळा मी जन्मात विसरणार नाही. बेकरीवाला शहरात केस कापून घ्यायला गेला आणि तिथे कापले ते आवडले नाहीत म्हणून पुढच्या पाळीला टोपी घालून गेला. निवृत्त हेडमास्तर वाचनालयाचं पुस्तक परत करायला गेले आणि दुसरं आणलं, म्हणजे ते परत करायला पुन्हा जाता यावं. दोन जावा, वर्षानुवर्षं एकमेकींशी न बोलणाऱ्या, मी वजनाच्या हिशेबाने शेजारीशेजारी बसवल्या. गेल्या त्या तोंड फिरवून आणि आल्या त्या तिसऱ्याच बाईला नावं ठेवत. अक्का सगळ्यांच्या मध्ये बसायची, विणकाम काढायची, कुणाला मळमळलं तर लवंग द्यायची. खुर्ची एकही रिकामी नाही. कॅप्टन आला तेव्हा त्याने मला विचारलं, "गावात काय, सोन्याची खाण सापडली काय?"

"हवा पालटली," मी म्हटलं. ताकास तूर लागू दिली नाही. गावाने बजावून ठेवलं होतं.

खुशीत येऊन त्याने आमची फेरी वाढवली. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला, छोट्या गावातून मोठी झेप, वगैरे. भरलेल्या खुर्च्यांचे आकडे त्यातच छापलेले. औषधवाल्याने ते पान दुकानाच्या काचेवर चिकटवलं. आम्ही जिंकलो होतो. निदान आम्हाला तसं वाटलं.

ते पान आणखीही कुणीतरी वाचलं. पुढच्या हिवाळ्याच्या आधी निळ्या रंगाचं विमान आलं. भिंगरीएवढंच, पण नवंकोरं. त्याच्याबरोबर त्यांचा मॅनेजर आला, गळ्यात निळा टाय, आणि माझ्याच खोलीत, माझ्याच काउंटरच्या शेजारी त्याने दुसरं काउंटर मांडलं. त्यांचं तिकीट आमच्यापेक्षा स्वस्त, वर चहा-बिस्कीट आणि पहिल्या महिन्यात प्रत्येक प्रवाशाला छत्री. निळी. इथे पाऊस पडतो किती आणि छत्र्या वाटतायत किती.

पहिली छत्री घेऊन कोण आलं असेल? औषधवाला. मी बघत उभी होते. माझ्या काउंटरसमोरून मान खाली घालून गेला आणि संध्याकाळी ती छत्री बगलेत मारून परत आला.

"लाज नाही वाटली?" मी विचारलं.

"अगं, पाळी तर पाळायचीच आहे," तो म्हणाला. "वर्षभर विनाकारण उडतोय सगळे. गाव थकलं. जरा स्वस्तात उडलं तर बिघडलं कुठे? विमान ते विमानच."

मी त्याच्याशी बोलणं टाकलं. औषधं भावोजींकडून मागवायची. पण गाव त्याच्यामागून गेलं, आणि त्यांना तरी मी कुठल्या तोंडाने बोलणार होते? त्यांनी आपल्या पोटाला चिमटा घेऊन वर्ष काढलं होतं.

अक्का मात्र भिंगरीनेच जायची. पण भिंगरीही पहिली राहिली नव्हती. निळ्यांनी जाहिरात केली होती की आमचं विमान ठरल्या वेळेला सुटतं म्हणजे सुटतं. मग कॅप्टनच्या शहरातल्या कार्यालयातून सगळ्यांना हुकूम गेला की कुणासाठीही थांबायचं नाही, लढाई वेळेची आहे. कॅप्टन तेव्हा काचेच्या इमारतीत बसायला लागला होता. एका संध्याकाळी भिंगरी उतरली, मी शिडी लावली, सगळे उतरले आणि अक्का उतरलीच नाही. पायलट खाली बघत म्हणाला, "ताई, मला नोकरी टिकवायची आहे." हातात सुईची भोकं, अंगात त्राण नाही, आणि ती बाई रात्रभर शहरातल्या विमानतळाच्या बाकावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी आली ती हसत. "बाक चांगला होता गं," म्हणाली. मला रडायला आलं, तर माझ्यावरच ओरडली.

मी कॅप्टनला फोन केला. वाटेल ते बोलले. सगळं ऐकून तो म्हणाला, "ताई, खरं सांगू? या छोट्या गावांवरून भांडत बसलो तर निळे मला गिळतील. मोठ्या शहरांचे मार्ग मिळतायत. मोठी विमानं घेतो आहे. वाढलो नाही तर संपलो."

"आणि आम्ही?"

"तुमच्याकडे निळे आहेत की. चांगलं विमान आहे त्यांचं."

यात खोटं असं काही नव्हतं. वसंतात भिंगरी शेवटची आली. पायलटने काउंटरवरची पाटी नेली, काटा मात्र ठेवून गेला, मोठ्या विमानाला माणसांची वजनं लागत नाहीत म्हणाला. कॅप्टनने लहान विमानं सगळी विकली, समुद्रापलीकडे कुठेतरी. मला शहरात बदली देऊ केली होती, बढतीसकट. अक्काला टाकून कुठे जाणार? निळ्यांनी मला ठेवून घेतलं. निळा स्कार्फ बांधायचा आणि प्रत्येकाकडे बघून हसायचं, अशी अट होती. हसले. अक्कासाठी काय वाट्टेल ते.

पण भिंगरी गेली आणि गावाच्या पाळ्याही थांबल्या. कशासाठी उडायचं? थांबा वाचवायचा होता, तो तर निळ्यांचा आयता आहेच. त्यांची एवढी मोठी कंपनी, त्यांना आपल्या खुर्चीची काय पर्वा, असं लोकांना वाटलं. मलाही तसंच वाटलं. जो तो आपल्या कामाला लागला. उन्हाळाभर खिंड उघडी, तिकडून मोटारी चालू. निळं विमान यायचं, त्यातून अक्का आणि एखाददुसरं माणूस उतरायचं.

एक दिवस टायवाला मॅनेजर कागदांचा गठ्ठा घेऊन माझ्यापुढे बसला. बिचारा वाळला होता. "मला एक समजावून सांगा," तो म्हणाला. "गेल्या वर्षी इथे खुर्ची मिळत नव्हती. आमच्या कंपनीने ते आकडे बघूनच हा मार्ग घेतला. मीच सुचवला होता. ते सगळे प्रवासी गेले कुठे?"

आता लपवून काय मिळणार होतं? "ते प्रवासी नव्हतेच हो," मी म्हटलं. "ते माझ्या बहिणीचे शेजारी होते."

त्याला मी सगळं सांगितलं. त्याने टाय सैल केला. त्या कागदांकडे बघून तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याचा चेहरा असा झाला की मीच त्याला पाणी दिलं. "हे मी वर सांगू कसं?" म्हणाला. त्याने सांगितलं नाही. मला वाटतं त्याने आमच्यासाठी जमेल तितके दिवस ओढले.

पहिलं बर्फ पडलं आणि काउंटरवर सूचना लागली: हवामानामुळे सेवा तात्पुरती स्थगित, पुढच्या आठवड्यात पूर्ववत. बर्फ पडलं की एखादी फेरी चुकते, त्यात नवल नव्हतं. त्या आठवड्यात आम्ही अक्काला खिंडीतून मोटारीने नेलं. जायला अख्खा दिवस, यायला अख्खा दिवस. परत आलो तेव्हा ती इतकी गळून गेली होती की भावोजींनी तिला उचलून आत नेलं. "शहरात खोली घेऊ," ते म्हणाले. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात विमान येतंय, मॅनेजरने फोनवर सांगितलंय. पुढच्या आठवड्यात सूचना तीच, नुसता आठवडा पुढचा. आम्ही सामान बांधायला घेतलं आणि बर्फ जे कोसळायला लागलं ते थांबेचना. खिंड नेहमीपेक्षा कितीतरी आधी बंद झाली. मॅनेजरचा फोन लागेनासा झाला. मग कुठल्याशा कार्यालयातून एक गोड आवाजाची मुलगी म्हणाली की हा मार्ग आता आमच्या यादीत नाही.

मी सरकारी कचेरीत फोन केला. हेलिकॉप्टर एकच आहे, नाव लिहून घेतलंय, पण खिंडीवर ढग बसलेत, ते उठले की येईल. रोज तेच उत्तर. गावच्या डॉक्टरने पाण्यावर बंदी घातली, गोळ्या दिल्या. अक्काचा चेहरा सुजायला लागला, पाय खांबासारखे झाले. घोट घोट पाणी मागायची आणि भावोजी चमच्याने ओठ ओले करून पाठ फिरवायचे.

सकाळी मी विमानतळावर गेले तर पट्टीवर माणसं. औषधवाला सगळ्यांच्या पुढे, फावडं घेऊन बर्फ उपसत होता. बेकरीवाला होता, हेडमास्तर होते, त्या दोघी जावा होत्या. काही उतरायचं झालं तर पट्टी साफ हवी ना, म्हणाले. ते उपसत होते आणि वरून पडत होतं. दुपारपर्यंत काळी पट्टी दिसायची, संध्याकाळी पुन्हा पांढरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे हजर. औषधवाला माझ्याजवळ आला, त्याचे हात फुटले होते. "बोल तरी माझ्याशी," म्हणाला. मी दुसरं फावडं उचललं आणि त्याच्या शेजारी उपसायला लागले.

शेवटी मी अभिमान गिळला आणि कॅप्टनला फोन केला. मधल्या माणसांनी बराच वेळ ताटकळत ठेवलं, पण माझं नाव कळलं तसा तो लगेच फोनवर आला.

"अक्का जातेय," मी म्हटलं.

त्याने भराभर विचारलं, पट्टी साफ आहे का, ढग किती खाली आहेत, वारा कुठला आहे. मी सगळं सांगितलं. सांगताना मला वाटलं, येतोय. त्याचा जुना आवाज होता तो. एवढ्यातेवढ्या फटीतून भिंगरी खाली घातली होती त्याने, मी स्वतः बघितलंय.

"मी थोड्या वेळाने करतो," म्हणाला. त्याने केला. त्याने खरंच सगळीकडे विचारलं होतं, ज्यांना विमानं विकली त्यांनाही, निळ्यांनाही. निळ्यांनी आपली दोन्ही छोटी विमानं परत करून टाकली होती, ती भाड्याचीच होती. "ताई," तो म्हणाला, "माझ्याकडे आज इतकी विमानं आहेत की मलाच सगळ्यांची नावं येत नाहीत. त्यातलं एकही तुमच्या पट्टीवर उतरू शकत नाही."

तो रडत होता. मला त्याचा राग यायला हवा होता, आलाही असता, पण कुणाकुणाचा राग करायचा? गावाने विमान भरलं ते अक्कासाठी. त्याने धंदा वाढवला तो टिकण्यासाठी. मी मान हलवली, फोनवर मान हलवलेली दिसत नाही हे माझ्या लक्षात आलं नाही, आणि फोन ठेवला.

दुपारी मी अक्काच्या उशाशी बसले होते. भावोजी पायांना गरम फडकं गुंडाळत होते. खिडकीबाहेर ढग अगदी छपरावर टेकलेले. अक्का कधी भानावर असायची, कधी कुठल्या जुन्या गोष्टी बोलायची. इतक्यात वर, ढगांच्या खूप वर, आवाज आला. मोठा, खोल, संथ. खिडकीची काच थरथरली. अक्काने डोळे उघडले.

"कुणाचं गं?" तिने विचारलं.

या वेळेला वरून कोण जातं ते मला पाठ होतं. "कॅप्टनचं," मी म्हटलं.

ती आवाज जाईपर्यंत ऐकत राहिली. सुजलेल्या चेहऱ्यावर तिचं ते हसू आलं, मुलीने पहिला स्वेटर पुरा केला की यायचं तसं.

"मोठा झाला हो," अक्का म्हणाली. "चांगलं झालं."

मी हो म्हटलं. मग बाहेरच्या खोलीत जाऊन सरकारी कचेरीला पुन्हा फोन लावला. ढग उठले की येईल, ते म्हणाले.